धोट्याच्या हिशेबाने

रात्री साडेअकराला लाईट परत येते
आणि तक्त्यातली ओळ एकशे चौदा होती तिथेच असते.
दोन विमानतळ. पार उत्तरेला, जिथे नकाशा
शाई फारशी खर्च करत नाही.
दोन्ही नावं मला म्हणता येत नाहीत,
तोंडात खडे धरून कुणी हाक मारावी तशी.
मी फक्त आकडे भरते. ओळीमागे सव्वा रुपया.

अंतर : तीनशे दहा किलोमीटर.
उड्डाणाचा वेळ : एक तास दहा मिनिटं.
समोरून वारा असेल तर दीड तास.
धुकं असेल तर रकाना रिकामा सोडायचा,
असं सूचनेत लिहिलंय.

पत्रा अजून दुपार सोडत नाही.
नाना खाटेवर उठून बसलेत, बनियन पाठीला चिकटलेलं.
“एंत दूरम?”
किती लांब, हे ते घरच्या तेलुगूत विचारतात.
किती पगार, हे मराठीत.

मी ओरडून सांगते. एकेचाळीस वर्षांच्या खडखडाटात
त्यांचे कान तिथेच राहिले, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये.
“रस्ता?”
नाही.
“रेल्वे?”
नाही. नऊ सीटांचं विमान, खडीची धावपट्टी.
“मग जातं कोण?”
दातांचा डॉक्टर. टपाल. अंडी.
दिवस भरत आलेली एखादी बाई.
(हे तक्त्यात नसतं. मी मनाचं सांगते.)

नाना बोटांच्या पेरांवर मोजू लागतात.
“धोटा एका फेकीत अडीच मीटर.
मिनिटाला एकशे दहा फेकी, दोरा तुटला नाही तर.
आठ तासांची पाळी...”
मी कॅल्क्युलेटर उघडते.
ते हात वर करतात, थांब,
आणि माझ्या आधी पोचतात :
“सव्वादोन पाळ्या, वर पाऊण तास.
चहा घेतला तर एक तास धर की.”

म्हणजे त्या दोन गावांमधलं अंतर
नानांच्या धोट्यानं आठवड्याला अडीच वेळा कापलं,
एकेचाळीस वर्षं,
आणि तो चादरीच्या काठाबाहेर कधी पडला नाही.

मी सांगते, सोलापुरात एका रेखावृत्तापासून दुसरं
एकशे सहा किलोमीटरवर. तिकडे जेमतेम अडतीस.
वर वर जाताना सगळी जवळ येतात.
“ताणा आवळल्यासारखी?”
तशीच.
“मग कापड अरुंद निघत असणार,” ते म्हणतात,
आणि जॉबरनं काहीच कसं केलं नाही
अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघतात.

“तीनशे दहा.”
या वेळी ते विचारत नाहीत.
मला कळतं, हे दुसरे तीनशे दहा.
हैदराबाद. अनसूया आत्या.
रात्रीच्या गाडीनं सहा तास, बशी तर कितीतरी,
बर्फ नाही, खडी नाही,
आणि एका जुन्या मागाच्या वाटणीवरून
बारा वर्षं एकही फेरी नाही.

ते तांब्यातलं पाणी पितात,
भिंतीकडे तोंड करून आडवे होतात.
मी ओळ एकशे पंधरावर जाते.
बऱ्याच वेळानं, मला वाटलं झोपले तेव्हा :
“समोरून वारा असला तर दीड तास म्हणालीस.
मागून असला तर?”

असा रकाना तक्त्यात नाही.
बघून सांगते, मी म्हणते,
पुन्हा एकदा, मोठ्यानं,
म्हणजे ऐकू जावं.