पाठ

फुशुनच्या न्हाणीघरात पेईचे वडील
बत्तीस वर्षं लोकांच्या पाठी घासत होते.
खाणकामगारांच्या, पोलिसांच्या, एकदा एका उपमहापौराची.
मळ सगळ्यांचा सारखाच निघतो, म्हणायचे,
शेवयांसारखा.

पेईचा पहिला सिनेमा तिथलाच. चौदा मिनिटांचा.
कॅमेरा उसना, लग्नांचं शूटिंग करणाऱ्या मामेभावाचा.
आवाज माझ्याकडे. वाफेने मायक्रोफोन दोनदा मेला,
केस वाळवायच्या यंत्राने जिवंत केला.
रात्री अकरानंतर वडिलांनी
एका तरुणाची पाठ घासायची, एवढीच गोष्ट.
तरुण म्हणजे वेनझाओ.
वडिलांना सांगितलं, नट आहे, छांगछुनचा.
त्यांनी हाताला टॉवेल गुंडाळला
आणि मानेपासून खाली घासत आले,
कुणाचीही घासतात तशी.
पेई कॅमेऱ्यामागे इतका गप्प
की माझ्या हेडफोनात फक्त त्याचं आवंढा गिळणं आलं.
ते मी काढलं नाही.

नंतर पाच सिनेमे.
परवानगीचा तो हिरवा ड्रॅगन
एकाच्याही सुरुवातीला आला नाही.
सोंगझुआंगमध्ये एका चित्रकाराच्या रिकाम्या खुराड्यात
साठ माणसं, अठ्ठेचाळीस खुर्च्या,
एकविसाव्या मिनिटाला वीज गेली.
बाहेर वीजखात्याचा एक माणूस
आणि वीजखात्याचे नसलेले दोन.
पेईने उरलेला सिनेमा अंधारात तोंडी सांगितला.
संवाद त्याला पाठ होते.
पावलं मी वाजवली, बुटांनी.

आमचं लग्न झालं
माझ्या आईच्या रक्तदाबासाठी आणि त्याच्या घरमालकासाठी.
फोटोत मागे लाल कापड, आम्ही दोघं.
चौकटीबाहेर वेनझाओ आणि माझी छ्यूयेन,
आमचे कोट धरून.
कागदावर बायको. खरी पाठराखीण.

झडतीत दोन हार्डडिस्क गेल्या.
तिसरी आंबवलेल्या कोबीच्या माठामागे होती,
अजून तिला वास येतो.
वेनझाओ शेनझेनला गेला, बॅटरीच्या कारखान्यात,
मग तिकडेच लग्न, मुलगी.
भांडण नाही. पेई तीन वर्षं
बिस्किटांच्या जाहिराती कापत बसला.

गेल्या थंडीत वडिलांना झटका आला.
उजवा हात गेला, तोच घासायचा.
न्हाणीघराच्या जागी आता चष्म्यांचं दुकान.
घरीच बादली भरून पेई त्यांच्या मागे बसला.
मी दारात, सुका टॉवेल घेऊन.
‘जोर लाव,’ वडील म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने, भिंतीला:
‘तो छांगछुनचा.
नट नव्हता. नट इतका घाबरतो का?’
पेईचा हात थांबला.
‘डाव्या खांद्याखाली त्याला भाजल्याची खूण होती.
तिथे मी हलकं घासलं होतं.
सिनेमात दिसतं का ते?’

‘दिसतं.’

‘मग ठीक,’ ते म्हणाले. ‘पाणी गार झालं.’

मी रेकॉर्डर नेला नव्हता.
इतक्या वर्षांत हा एकच आवाज
माझ्याकडे नाही.