बाजू दुसरी, गाणं तिसरं

या गाण्यात फिडल नाही.
सुई खरखरते, मग किटलीची शिट्टी,
फरशीवर कुत्र्याची नखं,
आणि लौरीचा आवाज: "ती धून माझी नव्हे.
पलीकडच्या घरची आहे."

एवढंच. एक मिनिट बावन्न सेकंद.
कंपनीतून विचारणा झाली, हा तुकडा चुकून राहिलाय का?
आम्ही कळवलं, नाही.

फेब्रुवारीत गेलो होतो आम्ही चौघं
शेटलंडच्या पार वरच्या टोकाला,
दोन फेरीबोटी बदलून.
इंगाचा बँजो उशीच्या अभ्र्यात.
तोमाश साल्मनच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून
तसाच आलेला, हातांना माशांचा वास;
तो त्याच्या तारांना लागला
तो लागलाच.

वारा असा, की दार उघडायला दोघं लागत
आणि लावायला तिघं.

आत चुलीत माती जळत होती,
खरोखरची माती,
दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली.
लौरीनं अकरा धुना वाजवल्या.
लोकर कातरतानाची, नाव ओढतानाची,
एक नुसतीच वाईट हवेची.
बारावी मागितली,
नवरीला चर्चपर्यंत नेताना वाजवायची ती,
तेव्हा त्यानं गज मांडीवर आडवा ठेवला
आणि चहाचं विचारलं.

पलीकडच्या घरी ओस्ला. त्याची भावजय.
मध्ये दगडी बांध.
बांधातले नऊ दगड कुणी सरकवले
यावरून एकतीस वर्षांचा अबोला.
धून तिच्या वडिलांची.
वाजवली होती ती लौरीनंच, तिच्या लग्नात,
वरातीच्या पुढे चालत,
एकदाही मागे न बघता.

ओस्लाकडे फिडल कुठलं?
तिनं तोंडानंच वाजवली,
दिडल्-दी दिडल्-दी, बोळक्या तोंडानं,
ताटल्या पुसता पुसता.
मध्येच थांबून म्हणाली,
"इथे तो चुकायचा. सांगा त्याला."
तेही ठेवलंय. गाणं चौथं.

तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये
किती जागा सोडायची,
यावर आमचं जेवण थंड होईपर्यंत भांडण.
इंगा म्हणाली दोन सेकंद, सगळे सोडतात तेवढी.
तोमाश म्हणाला चार.
मी त्या दिवशी बांध ओलांडला होता,
मायक्रोफोन डोक्यावर धरून,
एक बूट चिखलात ठेवून.
मला ठाऊक होतं किती वेळ लागतो.
अकरा सेकंद.

अकरा सेकंद तुम्हाला काही ऐकू येणार नाही.
आवाज वाढवू नका.
पुढे ताटल्या आहेत.

दोन्ही घरी एकेक प्रत पाठवली पोस्टानं.
मग कळलं, लौरीकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नाही.
आख्ख्या वस्तीत एकच आहे,
ओस्लाच्या खिडकीपाशी,
झाकणावर अर्धवट विणलेला
एक हातमोजा.