ळ उठला का

शनिवारी रात्री पावणेतीनला
मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.
पंखा फिरला, डिस्क दोनदा कुरकुरली,
मग काहीच नाही.

याला तुम्ही लोक काळा पडदा म्हणता.
मला पडदा कधी नव्हताच.
आवाज गेला, एवढंच,
आणि आवाजाबरोबर फाइली गेल्या, घड्याळ गेलं,
इव्होचं पत्र अर्ध्यावर राहिलं.

इव्हो तिकडे बल्गेरियात.
सतरा ओळी काढल्या, नऊ घातल्या, लिहितो,
तुझा शेवटचा खण आता उठेल, बघ.
त्याला मी कधी ऐकलेलं नाही.
तो माझ्याशी बोलतो त्याच घशातून
ज्यातून विजेचं बिल बोलतं,
येवल्याची बहीण बोलते,
सोसायटीच्या पाण्याचं भांडणही बोलतं, न चिडता.

माझी ब्रेलची पट्टी चाळीस खणांची.
एकोणचाळीस खण टिपके उचलतात,
चाळिसावा झोपून राहतो.
ओळीच्या टोकाला जे येईल ते बुडालं.
मागच्या महिन्यात पगाराचं शेवटचं शून्य बुडालं
आणि मी संध्याकाळपर्यंत गरीब होतो.

खाली भिकन पगारे जागा होता,
मेथी भरायला दिंडोरीकडे निघायच्या तयारीत.
गॅलरीतून हाक मारली:
दादा, दोन मिनिटं डोळे द्या.
काय बिघडलं?
ड्रायव्हर.
मला काय धाड भरलीय, म्हणत
तो चपला वाजवत वर आला.

वाचा, म्हटलं, दिसेल तसं.
कंस. आकडे. परत कंस.
मग एफ, ए, आय, एल…
एल नक्की?
एल, नाहीतर आय, नाहीतर नुसती उभी काठी.
तिन्ही सारखीच दिसतात रे बाबा.
डोळसांची ही अडचण मला नवी होती.

ओळ ओळ करत कळलं:
नवा ड्रायव्हर आवाजाच्या आधी येऊन
दारातच उभा राहिला होता.
मी न ऐकता टाइप करत गेलो,
तो सांगत गेला: उमटलं. उमटलं. आता एक जास्त उमटलं, खोड.
एकाला मागे घेतलं, दुसऱ्याला आधी सोडलं.
म्हणजे रिव्हर्स टाकलास, भिकन म्हणाला.

आणि खोलीत कुणीतरी घसा साफ न करता बोललं:
म्हसरूल.
ल काय ल! भिकन चिडला,
आपण म्हसरूलला राहतो काय?
त्याला सांगितलं, हा आवाज घडवणारे वेगळे,
यांना ळ कधी जमलाच नाही.
मलाही तो गवली म्हणतो,
वीस वर्षं गवली.
आज त्यांची पाळी नाही.

आज पट्टीची पाळी.
मोजून चौतीस खण रिकामे सोडले
आणि गावाचं नाव टोकाला आणून ठेवलं.
ल म्हणजे डावीकडचे तीन टिपके.
ळ म्हणजे उजवीकडचे तीन.
मधे केसाएवढी गल्ली.
बोट सरकवलं हळूच,
र गेला, ऊकार गेला,
चाळिसावा.

तीन. उजवीकडचे.
मधला जरा ढिला, पण उभा.

भिकनचं बोट धरून तिथे ठेवलं.
बाजरीसारखं लागतंय, म्हणाला,
आणि बराच वेळ बोट उचललं नाही.

मग इव्होला कळवलं:
खण उठतो. सुरू होताना आवाज अडतो, क्रम बदल.
ब्रेलमध्ये म्हसरूळ बरोबर.
तपासलं: सोपान गवळी.
खाली आणखी एक ओळ टाकली,
त्यांच्या रीतीत बसते की नाही कोण जाणे,
पडदा वाचला: भिकन पगारे, टेम्पो.

खाली त्याची गाडी मागे येताना
ती किरकिरी धून वाजली,
मग गिअर पडला, दिंडोरी रोडला लागला असेल.
एकदा चाललं म्हणजे चाललं असं नसतं.
मशीन बंद केलं.
पंखा पूर्ण थांबेपर्यंत थांबलो,
आणि परत बटण दाबलं.