ळची जागा

तहसीलच्या भिंतीबाहेर, लिंबाखाली
माझ्या मशीनला सव्वीस वर्षं झाली.
त्याचा ळ मागच्या पोळ्याला मोडला.
तेव्हापासून ळच्या जागी टिचभर मोकळं सोडतो
आणि कागद उतरवला की निळ्या पेनाने भरतो.

अर्ज साधाच होता.
नळाला चौदा दिवसांनी पाणी,
तेही रात्री दोनला, पिवळं;
सबब नगराध्यक्षांना दिलेलं मत
आम्हाला परत मिळावं.
तीन ळ. तीनदा टोपण उघडलं.

मुनीरुद्दीन पेंटर सगळ्यांच्या आधी आला.
इलेक्शनला भाऊंचं नाव त्यानेच रंगवलं होतं,
बसस्टँडपासून दुधनेच्या पुलापर्यंत त्रेपन्न भिंती.
एकोणीस भिंतींचे पैसे अजून यायचेत.
"बिल का मत लिखो मास्टर," म्हणाला,
"सिरफ पानी का लिखो."
सही केली ती पण अक्षरांना सावली देऊन.

शिक्षक कॉलनीने अर्ज नीट वाचला,
एक वेलांटी दुरुस्त केली,
सही उद्या करतो म्हणाली.

भाऊंचा मेव्हणा अंधार पडल्यावर आला.
पेन उचललं, ठेवलं,
झेरॉक्स मागितली, दोन रुपये दिले, गेला.

एकवीसशे चाळीस नावं झाली.
सोमवारी नेऊन द्यायची ठरली
आणि शनिवारी पाणी आलं.
सहाव्याच दिवशी. संध्याकाळी, उजेडात,
दीड तास, स्वच्छ.
लोकांनी कूलरच्या टाक्यासुद्धा भरून घेतल्या.

रविवारी लिंबाखाली रांग.
"तसं काही नाही मास्तर,
पण पोराचं घरकुलाचं प्रकरण आहे तिथं."
"ती सही माझी नव्हतीच."
"आता आलंच की पाणी, कशाला उगं?"
दुपारपर्यंत त्रेसष्ट नावं फुल्यांखाली गेली.
फुलीचं बटण माझ्या मशीनवर
अजून नव्यासारखं चालतं.

शेवटी गयाबाई टेकाळे.
चार घरची भांडी घासून अंगठ्यावरच्या रेषा गेलेल्या,
ठसा तीनदा उठवावा लागला होता.
मी फुलीवर बोट ठेवूनच विचारलं,
"तुमचा नंबर?"
"नंबर काय म्हाईत न्हाई.
नातीनं वाचून दावलं.
माझ्या नावाला भोक पडलंय म्हणं."

अकराशे आठ.
टेका, मग मोकळं, मग एक मात्रा,
कुणाच्याच डोक्यावर नसलेली.
माझ्याकडून राहिलं होतं.

मी पेन उघडलं. तिने हात पुढे केला.
"कसा असतो ते दावा."
हवेत काढून दाखवला.
"म्हंजी दोन घागरी आडव्या पडल्यावानी," म्हणाली
आणि दोन घागरी काढल्या,
एक मोठी, एक तांब्याएवढी,
शेपूट खालच्या ओळीत गेलं,
अकराशे नऊ नंबरच्या कपाळावर.

सोमवारी आवक-जावकचा कारकून म्हणाला,
निवडून द्यायचं टेबल वरच्या मजल्यावर,
परत घ्यायचं टेबलच नाही.
तरी पानं चाळत राहिला.
चष्मा पुसला. एका जागी बोट थांबलं.
"ही खाडाखोड कुणी केली?"
खाडाखोड नाही साहेब,
म्हटलं,
ळ आहे.