घोडशीर

सकाळचं पहिलं पाऊल माझं नसतं.
पलंगावरून फरशीवर उतरतं ते कुणा म्हातारीचं,
भिंत धरत न्हाणीपर्यंत जाणारं.
चहा उकळेस्तोवर ती निघून जाते
आणि उरते मी, सेहेचाळीस वर्षांची,
बरक्याच्या कारखान्यात समुद्रातलं मीठ काढणारी,
फेब्रुवारीच्या शर्यतीचे रियाल भरून बसलेली.

पोहणं, सायकल, पळणं.
तिन्हींत पळणं तेवढं आपलं वाटायचं.
तेच रुसलं.

दवाखान्यातल्या शैनीने
चिमटीत धरली टाचेमागची दोरी.
इथे जाड झालीय, म्हणाली, अकिलीस.
पोटरीचा दगड झालाय, सगळा भार हिच्यावर.
मग पायरीच्या कडेवर चवडे, टाचा अधांतरी,
दोन पायांनी वर, एका पायाने खाली,
सावकाश, पाच आकडे मोजत.
पंधरा वेळा, तीनदा. सकाळी. संध्याकाळी परत.
गुडघा ताठ ठेवून, मग वाकवून.
दुखेल. दहात चारपर्यंत दुखू दे,
पाचाला थांब.

दुखण्याला मार्क असतात हे मला नवीन होतं.
माझ्याकडे दोनच होते:
काही नाही, आणि मेले.

जिन्यात रोज भेटणारा हमूद
आधी विचारायचा, किल्ली हरवली का.
आता नुसता कडेने जातो,
माझे आकडे चुकू नयेत म्हणून
कुजबुजत सलाम करतो.

ऑगस्टमध्ये खोली बंद करून, एसीखाली
जागच्या जागी सायकल. भिंतीकडे तोंड.
बुटाखालची खीळ दोन बोटं मागे सरकवलेली,
पोटरीला जरा सुटका म्हणून.
आणि तरी तीन आठवडे मी शैनीपासून लपवून पळाले,
पहाटे चारला, छत्तीस अंशांत,
गोळी घेऊन.
घड्याळाने शाबासकी दिली.

मिरजेला आमच्या दारात टांगा होता.
तांबडीला सोडली की बाबा
आधी चारा नाही, आधी पाय बघायचे.
मागच्या पायावरून उलटा हात फिरवत आणायचे,
खुरापासून वर,
आणि एका जागी थांबायचे.
घोडशीर तापलीय.
उद्या टांगा बंद.
मग ओल्या मातीचा लेप, वर गोणपाट.
घरात कुणी विचारायचं नाही
उद्याच्या पिठाचं काय.

शब्द विसरलेच होते मी.
अकिलीस, अकिलीस म्हणत राहिले,
परक्याच्या नावाने आपलीच शीर हाकारत.

नोव्हेंबरात सीबच्या किनाऱ्यावर
कमरेएवढ्या पाण्यात चालत होते, पळणाऱ्यांकडे न बघता.
समोरून एक घोडी आली, करडी,
छातीपर्यंत पाण्यात, नाक वर धरून,
आणि तिची दोरी धरलेला दादकरीम, लुंगी डोक्याला बांधून.
माझ्या पायाची निळी पट्टी त्याला पाण्यातूनही दिसली.
कितना हुआ?
चौदह हफ़्ते.
इसका बीस, तो म्हणाला,
जणू मी नुकतीच शाळेत आलेली
आणि घोडी वरच्या वर्गातली.

तिघं चाललो मग थोडं.
ती मधेच थांबायची, तो ओढायचा नाही.
वळायच्या जागी त्याने पाण्यात वाकून
तिच्या मागच्या पायाला हात लावला.
उलटा हात.

ते गेल्यावर मीही लावला, माझ्या टाचेला.
गार होती.
की समुद्रच गार होता, कळेना.
बाहेर येऊन वाळूवर बसले,
पाय सुकायची वाट पाहत,
हात तसाच, पालथा.
मागून कुणीतरी पळत गेलं, मग अजून कुणी.
घड्याळ दोनदा थरथरलं: उठा, हलायची वेळ झाली.
काढून बुटात ठेवलं.