टाकीची भिंत

आम्ही आधी तिला पांढरं केलं.
रंग द्यायचा तर अस्तर हवंच,
असं नापारी म्हणाला, आणि त्याचं खरंच होतं.

तामाले शहराबाहेर आमचं विद्यापीठ,
मुलींच्या हॉस्टेलमागं पाण्याची टाकी,
टाकीला वळसा घालून चाळीस पावलांची भिंत,
करडी, ओघळ सुकून काळे पडलेली.
अर्ज तीनदा परत आला.
पहिल्यांदा: बोधचिन्ह मध्यभागी हवं.
दुसऱ्यांदा: ते अजून मोठं हवं.
तिसऱ्यांदा नुसताच, काही न लिहिता.
चौथ्यांदा सुहुयिनी जाऊन बसली
कुलसचिवांच्या दारासमोर, उकडलेल्या शेंगा सोलत,
सही होईपर्यंत.

मग बादल्या, ब्रश, उसनी शिडी,
आणि फुटक्या टाइल्सची सहा पोती,
एका मशिदीच्या दुरुस्तीतून उरलेली.
निळ्या. जवळजवळ सगळ्याच निळ्या.
म्हणून भिंतीवर नदी आली,
आमच्या कुणाच्याच वहीत नव्हती ती.
वुम्पिनीनं मासे काढले, इतके गुबगुबीत
की येणारी-जाणारी विचारी,
हे कुठल्या मेसमध्ये जेवतात?

त्या आठवड्यात हरमातान सुटला होता.
वाळवंटाची धूळ ओल्या रंगावर येऊन बसे,
सकाळी हात लावावा तर निळा खरखरीत,
मांजराच्या जिभेसारखा.
खरवडायचं, पुन्हा लावायचं.
चौथ्या दिवशी खरवडणं सोडलं.
गाळ नसलेली नदी कुणी पाहिलीय, तियुम्बा म्हणाली.

अझिंदो बाबा, रात्रीचे पहारेकरी,
पाळी संपवून रोज इकडून जायचे.
"दासिबा," ते म्हणायचे. "नाऽ," आम्ही.
मग थोडा वेळ उभे राहायचे
डाव्या कोपऱ्याकडे बघत.
आम्हाला वाटे, आवडलंय.

विचारलं एकट्या सुहुयिनीनं.
ते म्हणाले, इथं माझे टँकर होते.

कोळशाच्या रेघा.
नळ कोरडा पडला त्या साली पहिली.
टँकर आला की एक,
चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी.
एकोणीस वर्षं.
कंत्राटदार म्हणे तीस फेऱ्या,
तर बाबा हिशेबनिसाला हाताला धरून
इथं आणायचे: मोज.
दोनदा लबाडीचं बिल अडलं होतं त्या रेघांवर.

मला त्या आठवत होत्या.
त्या कोपऱ्यात रोलर मीच फिरवला होता.
दोन हात दिले,
कारण पहिल्यातून त्या दिसत राहिल्या.

रात्रभर सगळ्यांच्या फोनमधले जुने फोटो धुंडाळले.
टाकीपाशी उभ्या मुली, पिवळे कॅन, हसणं,
आणि मागं रेघा, कुणाच्या खांद्याआड, कुणाच्या वेणीआड.
दोनशे अकरा सापडल्या.
नापारी म्हणाला, काळ्या टाइल्सच्या बसवू,
कायमच्या.
बाबांनी मान हलवली.
"टँकर आल्याशिवाय रेघ ओढतात का?"

उद्घाटनाला कुलगुरू पट्ट्यापट्ट्यांचा फुगु घालून आले.
फीत कापली, नदीबद्दल बोलले,
सौंदर्य माणसाला घडवतं वगैरे.
हात धुवायला गेले तर नळाला पाणी नव्हतं.
वुम्पिनीनं कॅनमधून ओतलं.

तीन दिवसांनी पहाटे टँकर आला.
आम्ही पाहिलं तेव्हा उजाडलं होतं:
सगळ्यात लठ्ठ माशाच्या पोटावर
कोळशाची एक रेघ, सरळ, न घाबरलेली.
नापारीचा हात सवयीनं फडक्याकडे गेला
आणि फडकं पिळून परत आला.

आज सकाळी सात झाल्या.
मासा पुरतो अजून, मग दुसरा आहे.

दुपारी ऑफिसातून पत्र आलंय,
भित्तिचित्राचं विद्रूपीकरण, जबाबदार कोण,
दोन दिवसांत खुलासा करावा.
सुहुयिनी बाजारात गेलीय.
शेंगा घेते म्हणाली,
या वेळी जास्त.