बिल्ला क्रमांक दोनशे चौदा

ब्रनोत डिसेंबरात चारलाच दिवे लागतात.
ड्राहोमीरा ऑफिसात एकटी,
कपाच्या तळाशी कॉफीचा चिखल,
समोर व्लास्तिमिलने अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड.

चूक शोधायला म्हणून ती बसली नव्हती.
तो गेला ऑक्टोबरात.
जुनी पत्रं काढून वाचावीत
तसा ती रोज थोडा कोड वाचायची:
त्याची स्वल्पविरामानंतर दोन जागा सोडायची खोड,
एका ठिकाणी नुसतंच, "हे नंतर बघू."

तीनशे बाराव्या ओळीत तो मेमरीचा एक तुकडा परत करतो.
तीनशे एकोणिसाव्या ओळीत
तोच तुकडा पुन्हा हातात घेतो,
जणू दिलाच नव्हता.
मधे सहा ओळी.
माणसाची शिंकसुद्धा पुरी होत नाही एवढ्यात.
पण यंत्राला तेवढ्यात ती जागा
दुसऱ्या कुणाच्या नावे करून टाकता येते.

तिची आई नाट्यगृहात प्रेक्षकांचे कोट सांभाळायची.
पितळी बिल्ला, त्यावर आकडा, तोच आकडा खुंटीवर.
एकदा दोनशे चौदावाले गृहस्थ
मध्यंतरात कोट घेऊन सिगारेट ओढायला गेले,
परतले ते कोट मांडीवर घेऊनच बसले.
बिल्ला खिशात. तो मागायचं आईच्या ध्यानात राहिलं नाही.
खुंटी मोकळी दिसली म्हणून तिने तिथे
व्यवस्थापकांचा ओव्हरकोट टांगला,
आत नाट्यगृहाच्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा.
पडदा पडल्यावर गृहस्थांनी बिल्ला पुढे सरकवला.
खिडकीवरच्या दुसऱ्या बाईने मान वर न करता
खुंटीवर होतं ते दिलं.
त्यांनीही घेतलं.
"खोटं कुणीच बोललं नाही," आई सांगायची.
"बिल्ला खरा, आकडा खरा, खुंटी खरी."

रात्री अकराला ड्राहोमीराने स्वतःच्याच यंत्रावर
एक साधं खातं उघडलं, कसलाच अधिकार नसलेलं.
त्याला नाव दिलं: कुणीतरी.
आणि त्या सहा ओळींच्या फटीत पाऊल घालत राहिली.
चाळीस हजार वेळा फट हुकली.
मग एकदा कुणीतरीने यंत्राला विचारलं, मी कोण?
यंत्र म्हणालं: शून्य.

मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो.
सकाळी तिने मला ते दाखवलं तेव्हा
तिला सांगायचा प्रयत्न केला, जमलं नाही:
आमच्या भाषेत शून्याला पूज्य म्हणतात.
गणितात पूज्य मिळालं की घरी मार बसायचा.
आणि ज्याच्यापुढे वाकायचं तेही पूज्यच.
यंत्राच्या गाभाऱ्यात एक क्रमांकाला प्रवेश नाही,
हजाराला तर नाहीच.
आत बसतं ते पूज्य,
त्याला कुणी अडवत नाही, पासवर्ड विचारत नाही.
ती म्हणाली, "तुमच्याकडे फार विचित्र मोजतात."

खाली चार नंबरची ट्राम कुरकुरत वळली.
ट्रामचं तिकीटयंत्र, इस्पितळातला सर्व्हर,
आमच्या लिफ्टमधला तो मठ्ठ पडदा,
सगळ्यांच्या पोटात व्लास्तिमिलची तीनशे बारावी ओळ.

दुरुस्ती एवढीशी.
ती ओळ उचलून खाली ठेवायची, बस्स.
पण शिरस्ता असा की तळाशी लिहावं लागतं
चूक मुळात कुठल्या बदलातून आली,
आणि त्या बदलावर नाव एकच.
दुरुस्ती तिने वीस मिनिटांत लिहिली.
तळाची ओळ दुसऱ्या दिवशी.

पंधरा दिवस कुणाला बोलायचं नाही असं ठरलं.
नाताळात आईच्या स्वयंपाकघरात मासे तळताना
तिने विचारलं, त्या कोटाचं पुढे काय झालं?

"आणून दिला ना दुसऱ्या दिवशी. घडी करून.
किल्ल्या मोजून घेतल्या, एकोणीसच्या एकोणीस.
पण रात्रभर त्याच्याकडे होत्या.
मोजून काय कळतं?"

"अकरा वर्षं," ड्राहोमीरा म्हणाली.

तेल तडतडत होतं. आईला ऐकू गेलं नाही.